नाकाची साक्ष

सोमवार, ३ फेब्रुवारी

हे तू वाचशील, कुठेतरी ठेवशील, आणि कुठे ठेवलंस ते विसरशील. म्हणून सुटे कागद नकोत म्हटलं, वहीच आण. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड, पायात येईल अशी. मागच्या खेपेला तू छत्री विसरून गेलीस. त्याआधी औषधं. एकदा तर नवऱ्यालाच विसरून वर आलीस. तो बिचारा खाली गाडीत बसलेला, आणि तू माझ्यासमोर चहा पीत म्हणत होतीस, आई, काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय.

फोनवर सांगितलेलं तुझ्या एका कानातून आत जातं आणि दुसऱ्याची वाटही बघत नाही. म्हणून आता रोजचं लिहून ठेवायचं. मला अक्षर येत नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. सांगणार मी, लिहिणार सूनबाई. ती दिवसभर गॅस कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसून परक्यांच्या शिव्या ऐकते, आणि घरी येऊन माझं ऐकते. माझ्या शिव्या निदान ओळखीच्या असतात. तिला अट घातली आहे की मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि तुझ्या दादाला वही दाखवायची नाही.

बातमी अशी की इमारतीत सिगरेट बंद होणार. दादा सेक्रेटरी झाल्यापासून तेच एक धरून बसलाय. जिन्यात नाही, गच्चीत नाही, स्वतःच्या घरात कडी लावूनसुद्धा नाही. फाटकाच्या आत धूर म्हणून दिसता कामा नये. तुझ्या बाबांचं शेवटचं वर्ष तू सुट्टीपुरतं पाहिलंस, त्याने रोज पाहिलं. उशाशी ते सिलिंडर, नाकात नळी, आणि श्वास असा यायचा की शेजाऱ्यांना वाटे आमच्याकडे कुकर लावलाय. मी म्हटलं, कर बाबा बंद. इमारतीतच कशाला, जगातून कर.

सूनबाई आत्ताच गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. तीन माणसांचे कपडे, आणि तारेवरून काढायला हिला पाऊण तास लागतो. वर वारं असतं म्हणून दारामागची आमची तपकिरी शाल घेऊन जाते. शाल दोघींत मिळून एक. जिला थंडी वाजेल तिची. आता लवंग चघळत लिहितेय. दात दुखतो म्हणे. तळमजल्यावर दातांची डॉक्टरीण राहते, तिला दाखव म्हटलं तर ऐकत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लंबकरावांना बातमी लागलीच होती. तू त्यांना विसरली असशील तर कमाल आहे. गच्चीवरच्या खोलीतले भाडेकरू, घड्याळं दुरुस्त करणारे, बाबांचे दोस्त. उंच आणि चालताना दोन्हीकडे झुलतात, म्हणून बाबांनीच हे नाव ठेवलं. बाबा गेले तरी दुपारचे पत्ते चालू आहेत. जुगार शेंगांचा, भाजलेल्या, सालासकट. हरेल त्याने जिंकणाऱ्याला सोलून द्यायच्या.

मी म्हटलं, “आता काडेपेटी माझ्याकडे जमा करा.”

“काडेपेटी घ्या, वहिनी. फुप्फुसंही घेऊन जा. तशीही कामातून गेली आहेत.”

“तुमची फुप्फुसं तुमच्यापाशी ठेवा. धूर तेवढा आवरा.”

मग त्यांना चेव आला. म्हणाले, “एवढं विष आहे तर कारखान्याला कुलूप लावा ना. पाकिटावर सडका घसा छापायचा, ते पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात राजरोस विकायचं, त्याच्यावर कर घ्यायचा, आणि एक म्हातारा जिन्यात ओढताना दिसला की त्याची मानगूट धरायची. बंद करायचं तर मुळापासून करा, नाहीतर माझी पाठ सोडा.”

“मुळापासूनच करा म्हणते मी. मिळूच नये कुठे.”

“मग चोरून मिळेल. तुम्हाला डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना? तांदळाच्या डब्यात तळाशी काय आहे?”

हे या माणसाला कसं कळलं देव जाणे. सूनबाई, तू खाली बघून लिही. त्या डब्याचं मागाहून बोलू.

मी म्हटलं, “माझ्या साखरेचा धूर दुसऱ्याच्या नाकात जात नाही.”

लंबकरावांनी हातातले पत्ते खाली ठेवले. “हे मात्र खरं,” म्हणाले, आणि डाव त्यांचा असूनही शेंगा मला सोलून द्यायला लागले.

रविवार, ९ फेब्रुवारी

खाली गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडून सभा झाली. नियम पास. कोणी ओढताना सापडलं तर भाडेकरूने खोली सोडायची, मालक असेल तर त्याला समज द्यायची. मी शेजारणीच्या कानात म्हटलं, समज द्यायला आधी दुकानात मिळते का बघा. ती इतकी हसली की डॉक्टरीणबाईंनी टेबलावर पेन आपटलं. त्या अध्यक्ष आहेत.

लंबकरावांनी हात वर केला नाही आणि नकारही दिला नाही. उभे राहून एवढंच म्हणाले, “आजपासून सोडतो. माझ्याने झालं नाही तर खोली सोडतो.” दादाने लगेच ते लिहून घेतलं. त्याच्या मनात त्यांच्याविषयी अढी आहे. बाबांना आजारपणातसुद्धा सिगरेट हेच द्यायचे असं तो धरून चालतो. अढी असो, नियम चांगला आहे. मी दोन्ही हात वर केले होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तीन दिवस झाले, वास येतोय. संध्याकाळी, न्हाणीघराच्या झरोक्यातून. वरून खाली उतरतो.

माझं नाक तुला माहीत आहे. दूध उतू जायच्या आधी मला कळतं. तू शाळेत असताना चोरून चिंचा खाल्ल्यास की मी दारातच कान धरायची. आज दादाने पाण्याच्या टाकीमागे पाहिलं तर थोटकं सापडली. अर्धी जळलेली, भिंतीवर चिरडलेली. त्याने ती कागदात गुंडाळून आणली, पुरावा म्हणून, आणि जेवायच्या टेबलावर ठेवली. सूनबाईने आधी कागद उचलला आणि मग टेबल तीनदा पुसलं. तिला किळस फार.

गच्चीवर राहतं कोण? एकटे लंबकराव. आठवडाही नाही निभावला त्या माणसाने. दादा म्हणाला, “मला माहीतच होतं.” मला राग आला तो बाबांनी खोटं बोलावं आणि मी पकडावं तसा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

जिना चढवत नाही, तरी गेले. दार उघडंच होतं. लंबकराव खिडकीजवळ, डोळ्याला भिंग, समोर कोणाचंतरी मनगटी घड्याळ पोट उघडून ठेवलेलं. आणि ओठांत सिगरेट.

मी दारातूनच म्हटलं, “वा.”

त्यांनी भिंग काढलं. “वहिनी, पेटवलेली नाही.”

“मग ओठांत काय शोभेला आहे?”

“सवय आहे. कामाला बसलं की लागते. जन्मात कधी घड्याळावर पेटवली नाही, राख आत जाते. हात लावून बघा, गार आहे.”

मी हात लावला नाही. आता लिहवताना वाटतंय, हात लावायला काय जात होतं. पण तेव्हा वास नाकात असा भरला होता की अगदी अंगाला लागून येतोय असं वाटत होतं. शाल घट्ट ओढून घेतली आणि खाली आले.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज त्यांना सभेत उभं केलं. दादाने थोटकं दाखवली. लंबकराव म्हणाले, माझी नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तुम्ही सांगा, तुमच्या नाकावर आमचा विश्वास आहे. सगळे हसले. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. ह्या वयात कोण विचारतं आपल्याला.

मी उठून सांगितलं की रोज संध्याकाळी वास वरून येतो, मी ओठांत सिगरेट डोळ्यांनी पाहिली, आणि आत्ता, या क्षणीसुद्धा, हे समोर उभे आहेत तर वास येतोय.

लंबकरावांनी माझ्याकडे पाहिलं. वाकून, जरा हुंगल्यासारखं केलं. म्हणाले, “वहिनी, वास तुमच्या शालीला येतोय.”

पुन्हा हशा. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. चारचौघांत विधवा बाईच्या अंगाचा वास काढतो हा माणूस. मी म्हटलं, “तुमच्याबरोबर पत्ते खेळले त्याचा आहे तो.” महिनाअखेरीस खोली सोडायची ठरलं.

सूनबाई नव्हती ते ऐकायला. ती मध्येच पाणी आणायला गेली ती सभा संपल्यावर आली, रिकामाच जग घेऊन.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

गेले.

सामान कितीसं असणार. एक गादी, एक ट्रंक, आणि भिंतीवरची घड्याळं. सूनबाईने सुट्टी घेतली आणि एकेक घड्याळ छातीशी धरून खाली नेऊन दिलं. चालू घड्याळं होती, तिच्या कुशीत टिकटिकत होती, आणि ही जिन्यावर रडत होती. मऊ मनाची आहे. मी दारात उभी राहिले. शाल अंगावर होती, उगीच काढून खुंटीला लावली.

ते दारापाशी थांबले. तुझ्याच गावात पुतण्या आहे त्यांचा, स्टेशनच्या मागे, तिथे जातोय म्हणाले. मग म्हणाले, “वहिनी, तुम्हाला नाकाचा गर्व फार. पण माणूस चांगला आहात.” मी म्हटलं, “गाडी चुकेल.”

एवढंच बोलले मी. इतक्या वर्षांच्या पत्त्यांनंतर, गाडी चुकेल.

सोमवार, ३ मार्च

वरच्या खोलीला कुलूप आहे. आज संध्याकाळी झरोक्यातून वास आला.

सूनबाई कपडे घेऊन आल्यावर तिला विचारलं, तुला आला का? ती म्हणाली, भिंतीत मुरलेला असेल, आई. असेल. बाबा गेल्यावरही त्यांच्या कोटाच्या खिशाला कितीतरी दिवस यायचा. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लंबकराव सिगरेट बोटाला चटका बसेपर्यंत ओढायचे. बाबा त्यांना चिकट म्हणायचे. अर्धी टाकलेली मी त्यांना कधी पाहिली नाही. अर्धी टाकतो तो, ज्याला कोणीतरी येईल अशी भीती असते.

अगं, पेन का ठेवलंस? शाई संपली असेल तर दुसरं घे.

मंगळवार, ११ मार्च

तुझ्या मावशीकडे राहून आज परत आले. तिचा पाय बरा आहे. आज एवढंच.

बुधवार, १२ मार्च

काल एवढंच म्हटलं ते खरं नव्हतं.

मावशीच्या घराला कापराचा आणि चोळायच्या तेलाचा वास असतो. इतके दिवस त्यात राहिले, आणि काल दुपारी आपल्या घराचं कुलूप काढलं, तर घर परक्याचं असावं तसा वास आला. घरचा वास घरच्या नाकाला येत नाही. चार दिवस बाहेर राहावं लागतं. आधी कपड्यांचा साबण आला, मग खोबरेल, मग दादाची जुनी वर्तमानपत्रं. आणि त्या सगळ्याच्या खाली तो.

मी कुत्र्यासारखी हुंगत गेले. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटी, खुंटीला शाल. तोंड खुपसलं तर बाबांच्या खिशात खुपसल्यासारखं झालं.

ही शाल घेऊन मी वर चढले होते. ही शाल घेऊन मी साक्ष दिली. त्या माणसाने मला भर सभेत खरं सांगितलं, आणि मी त्याला घराबाहेर काढलं.

मी शाल घेऊन बसून राहिले. मग सूनबाई आली, माझ्या मांडीवर शाल पाहिली, आणि चपला न काढता तशीच दारात उभी राहिली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “आई, मीच.”

हे मी सांगतेय आणि तीच लिहितेय. आत्ता विचारत होती, “हे लिहायचं?” मी म्हटलं, लिही. “सगळं?” तू बोललीस तेवढं सगळं.

तर तिने सांगितलं ते असं. तिच्या ऑफिसात फोन सोडून उठायला मिळत नाही. फक्त सिगरेट ओढणाऱ्यांना मध्ये पाच मिनिटं बाहेर सोडतात. नाहीतर ते चिडचिड करतात म्हणून. हिला बाहेर उभं राहायचं होतं. कानात कोणी ओरडत नाही असं पाच मिनिटं. म्हणून पहिली ओढली. मग बाहेर उभं राहणं बाजूला राहिलं, आणि ती तेवढी राहिली.

“आणि लंबकराव गेले तेव्हा?”

“सांगणार होते. रोज सांगणार होते. तुम्ही बोलायचात, मी लिहायची, आणि वाटायचं, ही ओळ झाली की सांगू. मग पुढची ओळ यायची.”

मी रागवायला तोंड उघडलं. पण गप्प ती राहिली, साक्ष मी दिली. तिने तर थोटकंसुद्धा टाकीमागे लपवली होती. मी मान ताठ करून उभी राहिले होते.

तिला बंदी घातली नाही. फक्त म्हटलं, दाताचं नाटक पुरे झालं, लवंगा महाग आहेत. ती हसली नाही. मीही नाही.

रविवार, १६ मार्च

सभा होती, पाण्याच्या मोटारीसाठी. मी शाल घेऊन गेले. मोटारीचं झाल्यावर उभी राहिले आणि म्हटलं, “गच्चीवरची थोटकं माझी होती.”

आधी कोणाला कळलंच नाही. मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, कुठली ओढता?” मी म्हटलं, “ह्यांचीच, जी ह्यांना आवडायची ती.” त्यावर तर काहीजणांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मी शाल काढून बाईंच्या नाकाला लावली. “घ्या वास.” त्यांनी घेतला. म्हणाल्या, “येतोय खरा. लंबकरावांबरोबर बसून बसून लागला असेल.” मीच शिकवलेलं वाक्य.

मी म्हटलं, “तो नियम काढा. सिगरेट ओढणाऱ्याला जे करायचं ते मला करा.”

“तुम्ही मालक, आजी. तुम्हाला समज द्यायची. बरं, दिली समज. आता ओढू नका हं.” पुन्हा हशा, आणि चहा आला. त्याच नियमाने एका माणसाची गादी जिन्यावरून उतरली, आणि मला त्याच नियमाने बिस्किट मिळालं.

मी म्हटलं, निदान त्यांना परत बोलवा. तर खोली गेली. खोलीच्या मालकाने एका नव्या जोडप्याला कबूल करून टाकली. जाता जाता शेजारीण माझा हात दाबून म्हणाली, दोस्तासाठी किती करता तुम्ही, मन मोठं आहे. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं नाव सांगितलं असतं तर त्यांचा लगेच विश्वास बसला असता. म्हणूनच नाही सांगितलं. म्हणजे ज्याने खरं सांगितलं त्याला घालवलं, आणि मी खोटं सांगून मोठ्या मनाची झाले.

घरात आल्यावर दादाने माझ्या खांद्यावरची शाल काढली, बादलीत साबण घातला आणि स्वतः भिजत घातली. ज्याने आजवर स्वतःचा रुमाल धुतला नाही त्याने. पाठमोराच म्हणाला, “आई, तुला काडी तरी ओढता येते का?”

मी म्हटलं, “शिकेन.”

बराच वेळ शाल दाबत राहिला. मग सूनबाईला म्हणाला, “दात कसा आहे?”

ती म्हणाली, “कमी होईल.”

“मी येऊ का बरोबर? डॉक्टरकडे?”

दाताचं त्याला मध्येच कसं सुचलं कोण जाणे. आणि खाली दोन जिने उतरून जायचं, त्यात बरोबर कशाला यायला हवं? पण ती रडायला लागली, तेव्हा मी माझ्या खोलीत निघून आले. हे शेवटचं ती लिहायला तयार नव्हती. लिही म्हटलं. अट आहे.

मंगळवार, १८ मार्च

तू विचारशील, मग आई, आता बंदी हवी की नको? तू विचारणार नाहीस, विसरशील, म्हणून मीच सांगते. मला अजूनही वाटतं की ते पान उगवूच नये, तो कारखाना बंद पडावा, कोणाच्या उशाशी सिलिंडर येऊ नये. त्यात माझा शब्द फिरलेला नाही. पण आम्ही कारखाना कुठे बंद केला. कोपऱ्यावरचं दुकान चालूच आहे. काल मीच तिथून काडेपेटी आणली, देवघरासाठी, आणि दुकानदाराने हसून विचारलं, आजी, पाकीट पण देऊ? म्हणजे तिथपर्यंत पोचलंय. आम्ही धूर सोडून माणूस धरला, आणि माणूसही असा की ज्याचं दार दुसऱ्याच्या नावावर. पुढच्या वेळी कोणी हात वर करा म्हटलं तर मी करीन की नाही, सांगता येत नाही. एक करीन बहुतेक. दोन नाही.

सूनबाईने काल दिवसभर ओढली नाही म्हणते. आज एक ओढली आणि येऊन मला सांगितलं. मी तांदळाच्या डब्यातली साखर काढून तिच्या हातात दिली. दोघींना एकमेकींकडे बघवेना म्हणून वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत बसलो.

दुपारी पत्ते काढले होते. एकटीने काय खेळणार. परत ठेवले.

आता कामाचं. ही वही पोस्टाने येईल. वाचून झाली की लगेच ऊठ, नाहीतर विसरशील. रुमालाला गाठ मार. स्टेशनच्या मागे त्यांच्या पुतण्याचं घर आहे, घड्याळवाले म्हणून विचार, झुलत येतील तेच. त्यांना माझा निरोप दे की शालीचं बरोबर होतं. एवढंच सांग. कोणाचं काय ते सांगू नकोस; त्यांनी विचारलं तरी नाही, आणि ते विचारणार नाहीत. माफी मागू नकोस माझ्या वतीने. ती मी जाऊन मागीन, गुडघ्यांनी साथ दिली तर.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. शेंगा घेऊन जा. भाजलेल्या, पण मीठ लावलेल्या नकोत, त्यांचा रक्तदाब चढतो. सालासकटच घे, सोललेले दाणे घेऊन गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस. तिथे बस, त्यांच्यासमोर, आणि तुझ्या हाताने एकेक सोलून त्यांच्या पुढ्यात ठेव. डाव कोण हरलं ते त्यांना कळेल.

उरतील त्या इकडे पाठव, पिशवीभर, त्याही सालासकट. हिच्या बोटांना काम हवंय.